पाळी गेल्यानंतरचा गर्भाशयाचा संसर्ग : गोळ्यांनी स्राव थांबला, पण कारण शोधले का?

अबोली (मूळ लेखन)

पाळी जाऊन बरीच वर्षे लोटलेल्या बाईच्या अंगावरून पिवळट, वास येणारे पाणी जाऊ लागले की पहिला शब्द ऐकू येतो तो 'उष्णता', दुसरा 'वय', आणि त्यानंतर पाच-सात दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या हाती पडतात. स्राव थांबतो, घरातले निर्धास्त होतात, आणि काही आठवड्यांनी तो पुन्हा सुरू होतो. मला या धाग्यात नेमके या 'पुन्हा'विषयी बोलायचे आहे, कारण या वयात गर्भाशयात संसर्ग धरतो तेव्हा त्यामागे सहसा दुसरे एखादे कारण दडलेले असते, आणि ते शोधले नाही तर उपचार अर्धवटच राहतो.

सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली, असे मानले जाते. त्यानंतर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक उतरते, गर्भाशयाचे अस्तर पातळ होते, योनीची त्वचा नाजूक होते आणि गर्भाशयाचे तोंड आक्रसत जाते. काही जणींमध्ये ते इतके चिकटते की आत तयार होणारा थोडासा द्रवही बाहेर पडू शकत नाही. अशा साचलेल्या द्रवात जंतू वाढले की त्याचा पू होतो. या अवस्थेला पायोमेट्रा म्हणतात. तोंड बंद होण्याची कारणे अनेक आहेत: निव्वळ वय, पूर्वी त्या भागाला दिलेले रेडिएशन, तोंडावर झालेली एखादी जुनी शस्त्रक्रिया, आत वाढलेला पॉलिप (मांसल कोंब) किंवा फायब्रॉइड (कर्करोगाची नसलेली गाठ), वर्षानुवर्षे विसरलेली तांबी, आणि अस्तराचा किंवा गर्भाशयमुखाचा कर्करोग. हे शेवटचे कारण यादीत असल्यामुळेच नुसत्या गोळ्यांवर थांबणे मला धोक्याचे वाटते.

आमच्या मावशीच्या बाबतीत असेच झाले. तिने वय सत्तरीपार असल्याचे सांगितले आणि तिला गोळ्या मिळाल्या. स्राव परतला तेव्हा निराळ्या गोळ्या मिळाल्या. या दोन्ही वेळा तिला तपासणीच्या टेबलावर घेतलेच नव्हते. पुढे दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी आतून सोनोग्राफी केली तेव्हा गर्भाशयाच्या पोकळीत दाट द्रव दिसला. भूल देऊन त्यांनी बारीक सळ्यांनी तोंड हळूहळू मोठे केले, पू काढून तो तपासणीला पाठवला, निचरा चालू राहावा म्हणून काही दिवस आत मऊ रबरी नळी ठेवली आणि अस्तराचा व मुखाचा तुकडाही घेतला. सुदैवाने तुकड्यात कर्करोग निघाला नाही. तिला ताप असा कधी आलाच नव्हता, ओटीपोट मात्र सारखे जड वाटायचे; ते तिने आम्हाला सांगितले, पण सगळा पू निघून गेल्यावर.

येथे स्त्रीरोगतज्ज्ञ असलेल्या सभासद आहेत, त्यांनी यात भर घालावी. ज्यांच्या घरी असा अनुभव आला असेल त्यांनीही लिहावे, नावे-गावे नकोत.

नीलमोहर

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. अबोली यांचे लेखन मुद्देसूद आहे, म्हणून थोडी पुरवणी जोडते.

पायोमेट्रा एकंदरीत दुर्मीळ आहे, पण वय जितके जास्त तितका तो अधिक आढळतो. त्याची त्रिसूत्री म्हणजे स्राव, रक्ताचे डाग आणि ओटीपोटात कळ. मात्र कित्येक रुग्णांना यातले काहीच जाणवत नाही आणि दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत तो सापडतो. क्वचित गर्भाशय फाटून पू पोटात पसरतो. तेव्हा चित्र आतडे फुटल्यासारखे दिसते आणि खरे निदान बऱ्याचदा ऑपरेशनच्या टेबलावरच होते. पूमध्ये बहुधा ई-कोलाय आणि प्राणवायूविना वाढणारे बॅक्टेरॉइडिससारखे जंतू मिश्र स्वरूपात असतात. जननमार्गाचा क्षयही या रूपात पुढे येऊ शकतो, म्हणून पू आणि तुकडा पाठवताना क्षयाची तपासणी मागावी. बंद पोकळीतल्या पूपर्यंत औषध पुरेसे पोहोचत नाही. आधी निचरा आणि सोबत अँटिबायोटिक, हा क्रम त्यासाठीच आहे. अस्तराचा तुकडा त्याच वेळी घेता येतो, किंवा गर्भाशयाची भिंत फारच मऊ झाली असेल तर संसर्ग आटोक्यात आल्यावर घेतात. तो घ्यायचा राहून जाऊ नये, एवढे नातेवाइकांनी आठवणीने विचारावे. निचऱ्यानंतर तोंड पुन्हा चिकटू शकते, त्यामुळे काही आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून घेणेही आवश्यक असते.

आता रक्ताविषयी. पाळी गेल्यानंतर दिसलेला एक तपकिरी डागसुद्धा तपासणीस पात्र असतो. असा रक्तस्राव झालेल्या शंभर जणींपैकी सुमारे नऊ जणींमध्ये अस्तराचा कर्करोग निघतो. उरलेल्यांमध्ये बहुतेक वेळा पातळ झालेले अस्तर, सुकलेली योनी किंवा पॉलिप हे कारण असते. उलट बाजूने पाहिले तर अस्तराचा कर्करोग झालेल्या दहांपैकी नऊ जणींना आधी रक्त दिसलेले असते. फार थोडे कर्करोग इतक्या लवकर आणि इतकी स्पष्ट खूण देतात. त्या खुणेकडे काणाडोळा करणे परवडणारे नाही.

रानजाई

डॉक्टर, माझ्या आईची पोटाची सोनोग्राफी पित्ताशयासाठी केली होती. अहवालात अस्तराची जाडी सात मिलिमीटर लिहिली आहे आणि कुठेतरी वाचले की चारच्या वर गेले तर कर्करोग समजावा. तिला रक्तस्राव, पांढरे जाणे, काहीच नाही. तेव्हापासून घरात कोणालाच झोप नाही. तिची पॅप तपासणी गेल्या वर्षी चांगली आली होती. त्यावरून गर्भाशय चांगले आहे असे धरावे का?

नीलमोहर

रानजाई, चार मिलिमीटरचा आकडा रक्तस्राव झालेल्या बायकांसाठी आहे. रक्त दिसले आणि योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीत अस्तर चार मिलिमीटर किंवा त्याहून पातळ निघाले, तर कर्करोगाची शक्यता एक टक्क्याहूनही कमी राहते आणि थांबून पाहता येते. जाडी त्यापेक्षा अधिक असेल तर तुकडा घेतात. अस्तर पातळ असूनही रक्त पुन्हा पुन्हा येत राहिले, तर आकडा बाजूला ठेवून तुकडा घ्यावाच लागतो. रक्तस्रावच नसेल तर हा मापदंड जसाच्या तसा लावत नाहीत. तेथे अनेक तज्ज्ञ अकरा मिलिमीटरच्या आसपासची मर्यादा विचारात घेतात आणि सोबत वजन, मधुमेह, घराण्यात गर्भाशयाचा किंवा मोठ्या आतड्याचा कर्करोग, चालू असलेली औषधे हे सगळे जोखतात. शिवाय पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत हे माप नेमके येत नाही. आतून सोनोग्राफी करून घ्या आणि अहवाल तज्ज्ञांना दाखवा; घाई करण्याजोगे यात सध्या काही दिसत नाही.

पॅपविषयीचा समज मात्र दूर व्हायला हवा. पॅप ही गर्भाशयमुखाची चाचणी आहे. अस्तराचा कर्करोग तिच्यात कधीकधी योगायोगाने दिसतो, पण अहवाल स्वच्छ आहे म्हणून अस्तर ठीक आहे, असे अनुमान काढता येत नाही. पाळी गेलेल्या बायकांच्या पॅपमध्ये 'इन्फ्लमेटरी' (दाह) असा शेरा फार वेळा येतो आणि तो वाचून संसर्गाच्या गोळ्या दिल्या जातात. प्रत्यक्षात तो पुष्कळदा इस्ट्रोजेन कमी झाल्याने पेशींत झालेला बदल असतो आणि त्याला गोळ्यांची गरज नसते.

आणखी एक. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू असलेल्या, पाळी गेलेल्या बायकांमध्ये अस्तराच्या कर्करोगाचा धोका साधारण दोन ते तीन पट होतो. तरीही लक्षण नसताना उगाच दर काही महिन्यांनी सोनोग्राफी करण्याचा उपयोग नाही, कारण त्या औषधाने अस्तर जाड दिसतेच. पण डाग दिसला तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. ज्या बायका रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखे संप्रेरक अशी दोन्ही रोज सलग घेतात, त्यांना पहिल्या सहा महिन्यांत थोडे डाग पडू शकतात. त्यानंतरही पडत राहिले किंवा नव्याने सुरू झाले तर तपासणी टाळू नये.

शब्दवेल

माझा प्रश्न निराळा आहे, पण याच विषयातला आहे. पाळी जाऊन चार-पाच वर्षे झाली. सतत खाज आणि आग असते, वारंवार उन्हाळी लागते, संबंधांच्या वेळी दुखते. प्रत्येक वेळी बुरशीचे मलम किंवा लघवीच्या संसर्गाच्या गोळ्या घेते. दोन दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच. आता स्वच्छतेसाठी औषधी द्रावणाने आतून धुण्याचा सल्ला मिळाला आहे. ते करावे का?

नीलमोहर

आतून धुऊ नका, हे सर्वांत आधी सांगते. योनी स्वतःची स्वच्छता स्वतः राखते. धुण्याने उरलेसुरले उपकारक जंतू वाहून जातात आणि संसर्गाला वाट मोकळी होते. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुणे पुरेसे आहे.

तुमच्या वर्णनामागची साखळी अशी असते. पाळीच्या वयात योनीच्या पेशींत भरपूर ग्लायकोजेन असते, त्यावर लॅक्टोबॅसिलस जंतू जगतात आणि आम्लता राखतात. पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण ३.८ ते ४.५ राहतो. इस्ट्रोजेन उतरल्यावर ग्लायकोजेन घटते, लॅक्टोबॅसिलस कमी होतात, पीएच पाचच्या वर चढतो आणि आतड्यातले जंतू तेथे व मूत्रमार्गात ठाण मांडतात. कोरडेपणा, आग, संबंधांच्या वेळी दुखणे, लघवीची घाई आणि वारंवार होणारा मूत्रसंसर्ग ही सगळी एकाच झाडाची फळे असल्यामुळे २०१४ मध्ये त्यांना मिळून 'रजोनिवृत्तीचा जनन-मूत्र लक्षणसमूह' अशा अर्थाचे एकत्रित नाव देण्यात आले. गरम झळा काही वर्षांनी ओसरतात. हा त्रास उपचार केला नाही तर वाढतच जातो.

म्हणून प्रत्येक वेळी अँटिबायोटिक घेण्याऐवजी त्वचा सुधारण्याचा विचार करावा. सौम्य त्रासासाठी नियमित लावायचे मॉइश्चरायझर आणि संबंधांच्या वेळी वंगण पुरते. त्याने भागले नाही तर योनीत वापरायचे अल्पमात्रेचे इस्ट्रोजेन असते. ते मलम, गोळी किंवा रिंग अशा रूपात मिळते. गोळी किंवा मलम सहसा दोन आठवडे रोज आणि पुढे आठवड्यातून दोनदा वापरतात. पुरता फरक पडायला दोन-तीन महिने लागू शकतात, त्यामुळे पंधरवड्यात कंटाळून सोडू नये. रक्तातील इस्ट्रोजेनची पातळी यात रजोनिवृत्तीनंतरच्या मर्यादेतच राहते. या उपचाराने वारंवार होणारे मूत्रसंसर्ग कमी होतात, हे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॅझ आणि स्टॅम यांच्या चाचणीत स्पष्ट दिसले होते. ज्यांना स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे त्यांनी कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय हे सुरू करू नये, आणि कारण न कळलेला रक्तस्राव चालू असेल तर आधी त्याचा छडा लावावा.

बुरशीबाबतही सांगायला हवे. पाळी गेल्यानंतर, इस्ट्रोजेनचा उपचार चालू नसताना, बुरशीचा संसर्ग खरे तर कमी होतो. तो वारंवार होत असेल तर रक्तातील साखर तपासावी. मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू आहे का हेही पाहावे, कारण ही औषधे लघवीवाटे साखर बाहेर टाकतात आणि बुरशीला ते मानवते. मात्र ती औषधे स्वतःहून बंद करू नयेत. खाज रात्री जास्त होत असेल आणि बाहेरच्या त्वचेवर पांढुरके, पातळ कागदासारखे चट्टे दिसत असतील, तर तो लायकेन स्क्लेरोसस हा त्वचेचा जुनाट आजार असू शकतो. त्याला बुरशीचे मलम लागू पडत नाही. तीव्र स्टेरॉइडचे मलम दीर्घकाळ, देखरेखीखाली वापरावे लागते, आणि उपचाराविना राहिलेल्या काही जणींमध्ये तेथे कर्करोग होऊ शकतो. हे निदान फोनवरून होत नाही. उजेडात, नीट पाहावे लागते.

वाटसरू

मुलगा म्हणून विचारतो. आई ऐंशीच्या घरात आहे आणि असल्या विषयावर माझ्याशी अवाक्षर काढणार नाही. तिला संसर्ग झाला आहे हे बाहेरून कसे ओळखावे?

अबोली

वाटसरू, आमच्याकडे मावशीने आधी कामाला येणाऱ्या बाईंना सांगितले होते, सख्ख्या भाच्यांना नाही. म्हणून 'तुला काही त्रास आहे का' असे मोघम विचारू नये, त्याचे उत्तर 'नाही' असेच येते. घरातल्या एखाद्या स्त्रीने शांतपणे नेमके विचारावे: कपड्यावर डाग दिसतो का, वास येतो का, हल्ली घडी किंवा पॅड घ्यावे लागते का, लघवीला जळजळते का. कपडे धुणाऱ्या व्यक्तीच्या हे अनेकदा आधी लक्षात आलेले असते, पण तिला कोणी विचारत नाही.

नीलमोहर

अबोलींचे प्रश्न मी माझ्या बाह्यरुग्ण विभागात जसेच्या तसे वापरेन. वैद्यकीय बाजू एवढीच की या वयात संसर्ग असूनही ताप येईलच असे नाही. अन्नावरची वासना उडणे, एकाएकी गळून जाणे, पेंगणे, असंबद्ध बोलणे, तोल जाणे ही लक्षणे असू शकतात. त्यासोबत पोट दुखत असेल, पोट ताठ झाले असेल, थंडी वाजत असेल किंवा लघवी कमी झाली असेल तर रात्र काढू नका, तातडीच्या विभागात न्या. उलट, कोणताही त्रास नसताना केलेल्या तपासणीत लघवीत जंतू सापडले, तर त्यावर सहसा औषध द्यायचे नसते. वृद्ध बायकांमध्ये असे जंतू सर्रास आढळतात.

गोकर्ण

सासूबाईंचे अंग बाहेर येते म्हणून ते आत धरून ठेवणारी रिंग पूर्वी कधीतरी बसवली होती. नंतर दाखवायला जाणे राहूनच गेले. आता रक्तमिश्रित घाण पाणी जाते आहे. रिंग आत आहे हे त्या स्वतःही विसरल्या होत्या. ती आपण घरी काढावी का?

नीलमोहर

घरी ओढू नका. बराच काळ तशीच राहिलेली रिंग त्वचेत रुतलेली असू शकते. डॉक्टर ती काढतील, आत जखमा आहेत का ते पाहतील, आणि बहुधा काही आठवडे रिंगेविना ठेवून योनीत इस्ट्रोजेन मलम देतील, म्हणजे त्वचा भरून येते. साधारणपणे दर तीन ते सहा महिन्यांनी रिंग काढून, धुऊन, आतील त्वचा पाहून ती पुन्हा बसवायची असते. दुर्लक्ष झाले तर क्वचित मूत्राशयाशी किंवा गुदाशयाशी भगदाड पडते. रक्त रिंगमुळेच आहे असे गृहीत न धरता अस्तराचीही तपासणी करून घ्या. तांबीचे तसेच आहे. पाळी पूर्ण गेल्यावर साधारण वर्षभराने ती काढायची असते. आत राहिली तर ॲक्टिनोमायसिस नावाचा चिवट संसर्ग होऊ शकतो, आणि तोंड आक्रसल्यावर ती काढणे अवघड होऊन बसते. घरातल्या साठीच्या बायकांना 'तांबी काढली होती का' हे एकदा विचारून ठेवावे.

स्पष्टवक्ता

एवढी उठाठेव करण्यापेक्षा पाळी गेल्यावर गर्भपिशवी काढूनच टाकली तर काय बिघडले? ना संसर्ग, ना कर्करोगाची भीती.

नीलमोहर

बिघडते. वयस्कर शरीरावरची ती मोठी शस्त्रक्रिया आहे. भूल, रक्तस्राव, मूत्राशयाला किंवा मूत्रवाहिनीला इजा, पायात गुठळी हे धोके त्यात आहेत. पिशवी काढल्याने आग, कोरडेपणा आणि मूत्रसंसर्ग थांबत नाहीत, कारण त्यांचे मूळ पिशवीत नाहीच. कर्करोग निघाला, अस्तरात कर्करोगपूर्व बदल निघाले किंवा पू वारंवार साचू लागला तर शस्त्रक्रिया योग्य ठरते. नुसते पांढरे जाते म्हणून पिशवी काढण्याचा सल्ला कोणी दिला, तर तुकड्याचा अहवाल मागावा आणि दुसरे मत घ्यावे.

रानजाई

आईची आतून सोनोग्राफी झाली. अस्तर पाच मिलिमीटर निघाले आणि डॉक्टरांनी सहा महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे. माझ्या मनात आणखी एक शंका आहे. तुकडा घेताना फार दुखते का? आणि गर्भाशयमुखाची चाचणी कोणत्या वयापर्यंत करायची?

नीलमोहर

तुकडा घेण्याची नळी पेनाच्या रिफिलसारखी बारीक आणि लवचीक असते. पाळीच्या वेळी येते तशी जोराची कळ काही क्षण येते. आधी वेदनाशामक घेता येते. तोंड बंद असेल किंवा नमुना अपुरा आला तर भूल देऊन दुर्बिणीने पोकळी पाहतात आणि संशयास्पद जागेचाच तुकडा घेतात. पॉलिप असेल तर तो त्याच वेळी काढता येतो. पू असताना मात्र दुर्बीण घालत नाहीत, आधी निचरा करतात.

मुखाच्या चाचणीसाठी अनेक देशांत पासष्ट ही मर्यादा आहे, पण एका अटीवर: मागच्या दहा वर्षांत लागोपाठ तीन पॅप किंवा दोन एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) चाचण्या चांगल्या आलेल्या हव्यात, आणि त्यांतली शेवटची मागच्या पाच वर्षांतली हवी. ज्यांची चाचणी आजवर झालीच नाही त्यांनी वय झाले म्हणून सोडून देऊ नये. शक्य असेल तेथे या वयात एचपीव्ही चाचणी घ्यावी, कारण कर्करोग जेथे सुरू होतो तो मुखाचा पट्टा रजोनिवृत्तीनंतर आत सरकतो आणि ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याच्या तपासणीत तो दिसत नाही.

शब्दवेल

माझ्या मोठ्या बहिणीची पिशवी फायब्रॉइडसाठी तोंडासकट काढली आहे. तिला या सगळ्यातून मोकळीक आहे असे समजावे का? मध्यंतरी तिला एकदा डाग दिसला होता.

नीलमोहर

पिशवी साध्या कारणासाठी मुखासह काढली असेल आणि पूर्वी मुखाच्या पेशींत गंभीर बदल आढळलेले नसतील, तर पॅपची गरज उरत नाही. डाग मात्र दाखवायलाच हवा. तो सुकलेल्या योनीतून, टाक्यांच्या जागी वाढलेल्या मांसल कणातून, लघवीच्या मार्गातून किंवा गुदमार्गातूनही आलेला असू शकतो, आणि क्वचित योनीच्या कर्करोगातून. येताना शस्त्रक्रियेचा कागद आणि काढलेल्या पिशवीचा पॅथॉलॉजी अहवाल सोबत आणायला सांगा. मुख काढले होते की ठेवले होते, हे रुग्णाला पुष्कळदा नक्की ठाऊक नसते, पण अहवालात ते स्पष्ट लिहिलेले असते.